मदत हवी आहे: व्हिपलनंतर जीडीए स्टंपचा स्यूडोअ‍ॅन्युरिझम – कॉइल की कव्हर्ड स्टेंट?

प्रश्न
व्हिपलचा (स्वादुपिंडाचं डोकं काढण्याची शस्त्रक्रिया) १२वा दिवस, फिस्टुला (स्वादुपिंडाच्या जोडातून स्वादुरसाची गळती) चालू. रात्री ड्रेनमधून (पोटातला स्राव बाहेर काढणारी नळी) साधारण ५० मिली ताजं रक्त आलं आणि आपोआप थांबलं. बीपी ठीक. सीटी अँजिओत (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी) जीडीए (गॅस्ट्रोड्युओडेनल धमनी) स्टंपवर (बांधून उरलेला तुकडा) धमनीच्या भोकाबाहेर रक्त साचून झालेला ८ मिमीचा स्यूडोअ‍ॅन्युरिझम. स्टंप जेमतेम ४ मिमी, कॉमन हेपॅटिक (यकृताकडे जाणारी धमनी) ५ मिमी पण नागमोडी, पोर्टल व्हेन (आतड्यांकडून यकृताला रक्त नेणारी शीर) उघडी. स्टंपमध्ये कॉइल (धमनी बुजवणारी बारीक तारेची गुंडाळी) भरून भागेल का?

उत्तर (इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी)
नाही. ४ मिमीच्या स्टंपमध्ये कॉइल टिकत नाही, घसरून हेपॅटिकमध्ये जाते. फुगवट्यात भरायची तर त्याला स्वतःची भिंत नाही, भोवतीच्या गुठळीचाच काय तो आडोसा; तो फुटतो. हा सेंटिनल ब्लीड (मोठ्या रक्तस्रावाआधीचा इशारा) आहे, 'थांबलंय, सकाळी बघू' करू नका.

कव्हर्ड स्टेंट (धमनी चालू ठेवून भोक झाकणारी, आवरण असलेली जाळीची नळी) टाका. धमनी वळणाची आहे, म्हणून सेल्फ-एक्स्पांडिंग (आपोआप उघडणारा), ६ मिमी. दोन्हीकडे निदान १० मिमी धड भिंत मिळायला हवी. मापं शस्त्रक्रियेआधीच्या सीटीवरही ताडून बघा, कारण रक्तस्रावात धमनी आखडते आणि स्टेंट लहान निवडला जातो. मग कडेने गळती राहते. मांडीतून सिलिअ‍ॅकचा (महाधमनीतून निघून हेपॅटिकला रक्त देणारी शाखा) कोन जमत नसेल तर डाव्या हातातून या. लांब शीथ (स्टेंट आत नेण्याची नळी) कॉमन हेपॅटिकपर्यंत नेल्याशिवाय स्टेंट पुढे सरकवू नका.

प्रश्न
स्टेंट चढलाच नाही तर? आणि फिस्टुला असताना क्लोपिडोग्रेल (स्टेंटमध्ये गुठळी होऊ न देणारी गोळी) द्यायची का?

उत्तर (जीआय सर्जरी)
नाही चढला तर हेपॅटिकच बंद करायची: कॉइल आधी स्टंपच्या पलीकडे, मग अलीकडे. नुसती अलीकडून बंद केलीत तर यकृताच्या बाजूने उलटं रक्त येतं. पण जीडीए बांधल्यामुळे यकृताला एसएमएकडून (आतड्यांची मुख्य धमनी) मिळणारी रसद आधीच तुटलेली असते. म्हणून पोर्टल उघडी हवीच. नंतर यकृतात गळू होणं, पित्तनलिकेचा जोड सुटणं यावर नजर ठेवा. एसएमएचा रन (रंग सोडून काढलेली चित्रं) न चुकता घ्या. उजवी हेपॅटिक तिथून निघत असेल तर यकृताला तेवढा आधार राहतो, आणि रक्तस्रावाची दुसरी जागाही सापडू शकते.

गोळ्यांवर एकमत नाही. रक्तस्राव थांबल्याची खात्री झाल्यावर एकच गोळी, बहुधा अ‍ॅस्पिरिन, हा मधला मार्ग. ड्रेन मात्र काढू नका: स्टेंटने भोक बुजतं, धमनी कुरतडणारा स्वादुरस तिथेच असतो.