उताऱ्यातला ‘आधार’ मुलाला कसा समजावू?

ऐरोलीची आई
मुलगा नववीत आहे. मराठीच्या कृतिपत्रिकेत आकलनाचे गुण मिळतात, स्वमत आलं की घसरतो. परवाच्या चाचणीतला उतारा साधारण असा: ‘आजीने पाच ताटं मांडली. घड्याळाकडे पाहिलं. मग एक ताट सावकाश उचलून फळीवर ठेवलं. वाटी मात्र तिथेच राहिली.’ आजीची मनःस्थिती उताऱ्याच्या आधारे लिहायची होती. याने लिहिलं, ‘आजी दुःखी आहे. तिचा मुलगा परदेशी गेला आणि तिला विसरला.’ तीनपैकी एक गुण, बाजूला लाल शाईत ‘आधार?’ एवढंच. तो म्हणतो, ‘मला तसं वाटलं, मग चूक कसं?’ त्याचं वाटणं मारायचं नाहीये मला. काय सांगू?

नौपाड्याच्या बाई
ताई, ठाण्यात तीस वर्षं मराठी शिकवलं, हा प्रश्न दरवर्षी यायचा. त्याला म्हणा, तुला जे वाटलं ते कुठल्या शब्दामुळे वाटलं, त्यावर बोट ठेव. खरंच बोट ठेवायला लावा. ‘दुःखी’साठी बोट उचललेल्या ताटावर जाईल. ‘परदेशी’साठी कुठे ठेवणार? तो शब्द त्याच्या डोक्यातून आला, उताऱ्यातून नाही.

पुढचं काम मुलं हमखास गाळतात. वाक्य नुसतं उतरवून काढतात, त्यातून काय कळलं ते लिहीतच नाहीत. ‘ताट उचललं, म्हणजे ज्याची वाट पाहत होती तो आता येणार नाही हे तिने मानलं. वाटी राहिली, म्हणजे आशा पुरती सुटलेली नाही.’ हा ‘म्हणजे’ आला की उत्तर उभं राहतं.

आणि तपशील ज्याच्याविषयी असेल, त्याच्याविषयीच बोलतो. वर्गात मी पहिल्या आगगाडीवर उतारा द्यायचे, आपल्या गावाची गोष्ट म्हणून. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी. मुलं लिहायची, ‘तोफा उडवल्या म्हणजे लोकांना आनंद झाला.’ अरे, तोफा लोकांनी उडवल्या का? तोफांवरून एवढंच कळतं, की राज्यकर्त्यांना तो दिवस मोठा करून दाखवायचा होता. एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, ‘बाई, पाहुणे म्हणजे बोलावलेले. न बोलावलेल्यांबद्दल यात काहीच नाही.’ त्या दिवशी पुढचा धडा घेतलाच नाही मी, तास त्यावरच गेला.

कळव्याचा वाचक
बाई, वाटीचं पटलं नाही. घाईत राहून गेली असेल.

नौपाड्याच्या बाई
असं अडवणारं कुणी वर्गात हवंच. पण घाई म्हणालात तर ‘सावकाश’चं काय करायचं? तो शब्द आड येतो. विसरली म्हणालात तर मी हरकत घेणार नाही, मन दुसरीकडे होतं म्हणून विसरली असं लिहिता येईल. त्यालाही पूर्ण गुण दिले असते.

ऐरोलीची आई
बाई, काल रात्री जेवणं झाल्यावर बसलो. बोट ठेवायला लावलं. ‘परदेशी’ त्याने स्वतःच खोडलं. मग बराच वेळ पहिल्याच वाक्यावर बोट ठेवून बसला आणि म्हणाला, ‘आई, पाच ताटं मांडली, म्हणजे तो येणार असं तिला कुणीतरी सांगितलं असेल ना?’ मी म्हटलं, सांगितलं असेल किंवा सवयीने मांडली असतील. आता ‘सवय’ कुठे दिसते ते शोधतोय.