पिकाऊ जमीन बिगरशेती करायला बंदी हवी का?

शिवारकर:
बेळगावच्या हलगा-मच्छे बायपासवरून किती वर्षं आंदोलनं, कोर्टकचेऱ्या चालल्यात. रस्ता जातो ते शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरचं शिवार काही पडीक नाही. पावसाळ्यात भात, त्यात बेळगाव बासमती आली. कापणी झाली की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. असल्या जमिनीत बिगरशेतीला बंदीच हवी.

गुंठेवाला:
आणि दीड एकरवाल्यानं काय करायचं? लावणीला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. अण्णा, शहरातली टिळकवाडी काय आभाळात बांधली होती? तिथंही शेतंच होती की.

शिवारकर:
विकणाऱ्यावर राग नाही. पण २०२० च्या दुरुस्तीनं कर्नाटकात जमीन सुधारणा कायद्यातली ७९अ, ७९ब ही कलमं काढली. आधी २५ लाखांवर बिगरशेती उत्पन्न असेल तर जमीन घेता येत नव्हती, आता कुणीही घेतो. शिवाय रस्त्याचा भराव पडला की वरच्या वाफ्यांचं पाणी बळ्ळारी नाल्याकडं जाणार कसं? ज्याची जमीन गेली नाही त्याचंही भात कुजणार.

चिकोडीकर:
तुमचं सगळं बिल्डरवर चाललंय. आमच्याकडं कृष्णाकाठी बिल्डर नाही, तरी जमीन गेली. काळं रान, वर्षानुवर्षं ऊस, मोटर चालू करून माणूस घरी झोपलेला. खालचं पाणी वर चढतं, सोबत क्षार घेऊन येतं. उन्हाळ्यात सरीवर पांढरा थर दिसतो. उसाला फुटवा नाही की मग आणखी युरिया! जमीन चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट झालेली, असेल तर जिप्सम टाकतात, ताग-धैंचा गाडतात. पण निचऱ्याची चर काढल्याशिवाय ते पैसे पाण्यातच. चर शेजाऱ्याच्या रानातून न्यायची, आणि तिथंच घोडं अडतं. बांधावरून बोलणं बंद असलेले भाऊ चरीला वाट देतील होय?

गुंठेवाला:
हेच म्हणतोय. आपणच जमीन मारायची आणि विकायला निघालो की बंदी!

शिवारकर:
चिकोडीकर मामा, तुमचं पटलं, ठिबक आणि चर आमच्याकडंही लागेलच. पण चोपण रान मेहनतीनं परत पिकाला येतं. डांबराखालचं कुणी आणलंय?

गुंठेवाला:
बरं, बंदी घाला. मग प्लॉटचा भाव आणि भाताचा पैसा यातला फरक मला कोण देणार, तेवढं लिहा.