'मेनस्ट्रीम'ला मराठीत काय म्हणावं? (संदर्भ: वय झालेले रॉक बँड आणि रेडिओ)

धागाकर्ता:

पाश्चात्त्य संगीतावरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय, त्यात एका वाक्यापाशी अडलोय. आशय असा, की रेडिओची आवड पालटत असताना 'एजिंग' रॉक बँड 'मेनस्ट्रीम' राहू शकतात का? मी आधी 'मुख्य प्रवाहात टिकू शकतात का' असं लिहिलं, पण ते सरकारी अहवालातल्यासारखं वाटतं. 'लोकप्रिय' लिहावं तर लेखक पुढच्याच ओळीत म्हणतो की हे बँड लोकप्रिय आहेतच. 'एजिंग'चंही तेच. ज्येष्ठ, वयस्कर की आणखी काही? शब्द सुचवा, आणि तोच का तेही सांगा.

प्रतिसाद १:

'मुख्य प्रवाह' चांगला रुळलेला शब्द आहे. मुख्य प्रवाहातली माध्यमं, मुख्य प्रवाहातला सिनेमा असं आपण रोज वाचतो. वाचकाला कळतो, मग बदलायचा कशाला? फक्त हिंदीतली 'मुख्यधारा' आणू नका.

प्रतिसाद २:

रुळलेला आहे हे खरं, पण या वाक्यात तो बसत नाही. असा शब्द निवडताना मी त्याच्या विरुद्ध काय उभं आहे ते आधी बघतो. 'मुख्य प्रवाहातला सिनेमा' म्हटलं की पलीकडे 'समांतर सिनेमा' असतो. म्हणजे प्रवाहाबाहेरचा माणूस एक तर आपल्या मर्जीने बाहेर राहिलेला असतो, नाही तर त्याला आत कधी येऊच दिलेलं नसतं. रॉकमध्येही 'मेनस्ट्रीम'ला हा अर्थ आहेच, तिथे समोर इंडी आणि अंडरग्राउंड, म्हणजे मोठ्या कंपन्यांपासून लांब राहून वाजवणारी मंडळी असतात. तुमच्या वाक्यात मात्र समोर उभा आहे तो मागे पडलेला बँड. काल रेडिओवर दिवसभर वाजत होता, आज त्याचं नवं गाणं कुणी लावत नाही. रेडिओने टाकलं म्हणून तो समांतर होत नाही.

इथे मला 'चलती' हवा. 'सध्या त्यांची चलती आहे' म्हणताना त्यात 'सध्या' आपोआप येतो, आणि ती उद्या नसेल हेही त्यात गृहीत असतं. ज्याचं नाव पक्कं झालंय, ज्याला आता ओळख करून द्यावी लागत नाही, तो 'प्रस्थापित'. इंग्रजी शब्दात या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात, आणि लेखाचा प्रश्न नेमका त्या वेगळ्या होतात तिथे सुरू होतो.

एक खरं प्रकरण सांगतो. ब्रिटनमधला स्टेटस क्वो हा बँड. (नावाचा अर्थ आपल्या कोर्टाच्या भाषेत 'जैसे थे'.) १९६८मध्ये त्यांचं 'पिक्चर्स ऑफ मॅचस्टिक मेन' खपाच्या ब्रिटिश यादीत ७व्या क्रमांकापर्यंत गेलं, जानेवारी १९७५मध्ये 'डाउन डाउन' पहिल्या क्रमांकावर पोचलं. १३ जुलै १९८५ला वेम्बली स्टेडियममध्ये लाइव्ह एड हा मदतनिधीचा मोठा कार्यक्रम झाला, त्यात पहिला रॉक बँड मंचावर आला तो हाच. गिटारचा ठेका सोपा, एकदा ऐकला की पाय हलायला लागतो, आणि वर्षानुवर्षं त्यांनी तो बदलला नाही. यापेक्षा प्रस्थापित काय असायचं!

त्यांची गाणी लोकांपर्यंत नेणारं केंद्र म्हणजे बीबीसी रेडिओ १. ते सुरू झालं ३० सप्टेंबर १९६७ला, तरुणांसाठी. पण पंचवीस वर्षांत निवेदकांचं वय झालं, श्रोत्यांचंही झालं, आणि तरुणांचं केंद्र चाळिशीतल्या लोकांचं होऊन बसलं. १९९३मध्ये मॅथ्यू बॅनिस्टर नियंत्रक झाले आणि त्यांनी मोडतोड सुरू केली. जुने लाडके निवेदक गेले, गाण्यांची यादीही पालटली. बाहेर ओएसिस, ब्लर या नव्या ब्रिटिश बँडचे दिवस सुरू झाले होते.

आता 'प्लेलिस्ट' या शब्दाकडे बघा. आज तो फोनवर आपण करतो त्या गाण्यांच्या यादीसाठी वापरतात. रेडिओवाल्यांच्या लेखी ती केंद्राने बैठक घेऊन ठरवलेली यादी असते. गाणं 'ए' गटात बसलं तर आठवडाभर ते पुन्हा पुन्हा वाजणार, 'बी' किंवा 'सी'त बसलं तर त्याहून कमी. यादीतच नसेल तर दिवसाच्या कार्यक्रमांत ते कानावर पडणं मुश्कील, निवेदकाला कितीही आवडो. १९९६मध्ये स्टेटस क्वोने बीच बॉइज या अमेरिकी बँडला सोबत घेऊन बीच बॉइजचंच १९६४चं 'फन, फन, फन' नव्याने केलं. खपाच्या यादीत ते २४व्या क्रमांकापर्यंत गेलं, ज्या अल्बममध्ये होतं तो अल्बम दुसऱ्या क्रमांकावर. रेडिओ १च्या यादीत मात्र ते गाणं आलं नाही. बँड कोर्टात गेला, अडीच लाख पौंडांचा दावा लावला. म्हणणं साधं होतं, लोक विकत घेतायत तर तुम्ही वाजवत का नाही? दावा फेटाळला गेला.

मी या प्रकरणात केंद्राच्या बाजूचा आहे. विकत घेणारे बहुतेक जुने चाहते होते, आणि केंद्राला तर पंधरा-वीस वर्षांचा श्रोता हवा होता. खप हा खपाचा पुरावा आहे, चलतीचा नाही. पण बँडला लागलं असणार तेही समजतं. ज्या घरात वाढलो तिथेच दारावर अडवलं, असं कुणालाही वाटेल. त्यांचं संगीत तेच होतं, रेडिओने ज्याच्यासाठी वाजवायचं तो माणूस बदलला होता.

'एजिंग'साठी 'ज्येष्ठ' नको. आपल्याकडे ज्येष्ठ गायक म्हटलं की मान आला, मुरलेपण आलं. शास्त्रीय संगीतात वय ही जमेची बाजू असते. रॉक जन्मालाच तरुणांसाठी आला, तिथे वय उघड उघड अडचण आहे. 'उताराला लागलेले' म्हटलं तर निकाल आधीच दिल्यासारखं होतं. सरळ 'वय झालेले' लिहा.

प्रतिसाद ३:

'चलती' आवडला. त्याच्या जोडीला 'सद्दी'ही ठेवा. चलती गाण्याची, पेहरावाची, एखाद्या शब्दाचीही असते. सद्दी माणसाची किंवा घराण्याची असते, आणि आपण ती बहुतेक वेळा संपल्यावरच आठवतो. 'त्यांची सद्दी संपली' सर्रास म्हणतो, 'सद्दी सुरू झाली' क्वचित.

वरच्या प्रतिसादातल्या निकालाशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. वय झालं की चलती संपतेच असं नाही. बोस्टनचा एरोस्मिथ हा रॉक बँड १९७०चा. १९९८मध्ये 'आय डोन्ट वॉन्ट टु मिस अ थिंग' अमेरिकेच्या हॉट १०० यादीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरलं, आणि या यादीतला हा त्यांचा पहिलाच पहिला क्रमांक! सुरुवातीला नव्हे, अठ्ठावीस वर्षांनी. रेडिओ सोडायला तयार नव्हता.

प्रतिसाद २:

उदाहरण चांगलं आहे, पण त्याची किंमतही बघू. ते गाणं बँडने लिहिलेलं नाही, डायान वॉरन यांचं आहे, आणि ते 'आर्मगेडन' या चित्रपटासाठी आलं. त्याआधी १९८६मध्येही एरोस्मिथ असाच वर आला होता. तेव्हा त्यांचंच १९७५चं 'वॉक धिस वे' रन-डीएमसी या रॅप मंडळींनी त्यांना घेऊन नव्याने केलं आणि ते चौथ्या क्रमांकावर गेलं. दोन्ही वेळा रेडिओचं दार उघडलं ते दुसऱ्याच्या हातून. एकदा नव्या पिढीच्या गाणाऱ्यांनी, एकदा बाहेरच्या गीतकाराने आणि सिनेमाने. मी याला कमी लेखत नाही, वय झाल्यावर दुसऱ्याला आपल्या गाण्यात जागा द्यायला मन मोठं लागतं. पण बँड आपल्या जुन्या चालीने चालत राहिला आणि रेडिओ आपणहून मागे आला, असं ते नाही.

अमेरिकेत तर वय झालेल्या बँडचा सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी त्याचं स्वतःचंच जुनं गाणं असतं. तिथली केंद्रं गाणं लावायचं की नाही हे ठरवायला चाचणी घेतात. श्रोत्यांना फोनवर किंवा सभागृहात बसवून गाण्यांचे तुकडे ऐकवतात, एकेक तुकडा जेमतेम दहा सेकंदांचा. त्या तुकड्याला 'हुक' म्हणतात. ऐकणाऱ्याने सांगायचं, ओळखीचं आहे का, आवडतं का, कंटाळा आलाय का. दहा सेकंदांत ओळखीचं गाणंच जिंकणार. चाळीस वर्षं कानावर पडलेल्या गाण्यापुढे त्याच लोकांचं गेल्या महिन्यातलं गाणं उभं राहील कसं? मग केंद्र जुनंच लावतं, आणि नवं कधी ओळखीचं होतच नाही. आवड पालटली असं आपण म्हणतो, पण या खोलीत आवड गोठवलेली असते. मला हे फार खटकतं. कित्येक बँडचं साठीनंतरचं काम चांगलं असूनही ते कुणी ऐकलेलं नसतं.

धागाकर्ता:

लेखात 'मेनस्ट्रीम रॉक' आणि 'क्लासिक रॉक' असे दोन शब्दप्रयोगही आहेत. तिथेही 'चलती' चालेल?

प्रतिसाद २:

नाही, तिथे जसंच्या तसं ठेवा. 'मेनस्ट्रीम रॉक' हे बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या एका यादीचं नाव आहे. रॉक वाजवणाऱ्या केंद्रांवर काय वाजतं ते मोजणारी ही यादी मार्च १९८१मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली, हे नाव तिला १९९६च्या सुमारास मिळालं. त्या यादीत पहिलं असणं आणि देशभर चलती असणं यांत आता बरंच अंतर आहे. मेटॅलिका या जुन्या हेवी मेटल बँडची नवी गाणी तिथे आजही पहिली येतात. पण त्यांचं १९८६चं 'मास्टर ऑफ पपेट्स' सगळ्या प्रकारच्या गाण्यांच्या हॉट १०० यादीत पहिल्यांदा आलं ते २०२२मध्ये, 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेत वाजलं म्हणून. ना रेडिओ, ना नवं गाणं.

'क्लासिक रॉक' हा केंद्राचा प्रकार. 'अभिजात रॉक' लिहू नका, अभिजातमध्ये गुणवत्तेचा निवाडा येतो. इथे क्लासिक म्हणजे फक्त ठराविक काळातलं, ठरलेलं.

प्रतिसाद ३:

रेडिओवाले स्वतः गाण्यांचे करंट, रिकरंट आणि गोल्ड असे गट पाडतात. नवं ते करंट, नुकतंच उतरलेलं ते रिकरंट, जुनं ते गोल्ड. आपलं 'जुनं ते सोनं' जवळजवळ शब्दशः!

आणि सद्दी संपली म्हणजे गर्दी संपली असं नाही हेही लेखात येऊ द्या. १५ डिसेंबर २०१९ला यू२ हा आयरिश बँड नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये वाजवून गेला. तो दौरा 'द जोशुआ ट्री' या १९८७च्या अल्बमचा होता. स्टेडियम भरलं ते बत्तीस वर्षांपूर्वीच्या गाण्यांसाठी.

रेडिओ १ने १९९६मध्ये बीटल्सचं 'रिअल लव्ह'सुद्धा यादीत घेतलं नव्हतं, तेव्हा संसदेतल्या काही सदस्यांनीही नाराजी दाखवली होती. गाणं तरीही ४थ्या क्रमांकावर गेलं. आणि नोव्हेंबर २०२३मध्ये त्यांचंच 'नाउ अँड देन' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर! बीटल्सच्या बाबतीत तर मला 'सद्दी' हा शब्दही तोकडा वाटतो.

धागाकर्ता:

मंडळी, आभार. वाक्य असं केलंय: 'रेडिओची आवड पालटली तरी वय झालेल्या रॉक बँडची चलती राहू शकते का?'

प्रतिसाद २:

'बँडची चलती' नको, 'बँडच्या नव्या गाण्यांची चलती' करा. बँडचं नाव तर राहतंच, आणि जुनी गाणी रेडिओ रोज वाजवतोय. लेखकाचा प्रश्न नव्या गाण्यांपुरताच आहे.