वलीशिवाय निकाह बातिल? विषय संपला?

उंबरठा: काल इथे कुणीतरी ठणकावून लिहिलं, 'वलीशिवाय निकाह बातिल, विषय संपला.' म्हणजे बापानं किंवा पालकानं लावून दिला नाही, तर मुलीचा निकाहच रद्द. शाफई, मालिकी, हंबली या कायदेपंथांच्या मतात वली लागतो, कबूल. चौथ्या, हनफी मतात आकिल-बालिग, म्हणजे शहाणी-सज्ञान मुलगी स्वतःचा निकाह स्वतः करू शकते. कुफू, म्हणजे दोन्हीकडची बरोबरी, जुळत नसेल किंवा मेहेर, म्हणजे नवऱ्यानं बायकोला द्यायची रक्कम, फारच कमी असेल, तर वलीनं हरकत घ्यावी. बाराशेहून जास्त वर्षांचा मतभेद एका ओळीत मिटवलात, कमाल आहे.

काळीशाई: ती ओळ माझीच. 'ला निकाह इल्ला बि वली', वलीशिवाय निकाह नाही, हे मी घरी बसून रचलेलं नाही, पैगंबरांची हदीस आहे, अबू दाऊद, तिर्मिजीच्या संग्रहांत. दोन पोरींचा बाप आहे मी. वली मुलीच्या बाजूनं बोलायलाच असतो.

साधीमाशी: बाजूनं? माझ्या निकाहला वकील आणि दोन साक्षीदार माझा होकार विचारायला दाराशी आले तेव्हा मी रडत होते. मावशी म्हणाली, 'मान हलवली हो!' मी नव्हती हलवली.

काळीशाई: कुमारिकेचं मौन हाच होकार, आपा. हदीसच आहे.

साधीमाशी: हुंदके म्हणजे मौन? कुमारिका लाजते, असं पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांनी त्यांना म्हटलं तेव्हा ते उत्तर आलं. लाजरीची सोय होती ती. तुम्ही तिचं कुलूप केलंत.

गल्लीबोळ: आणि मेहेर उधार ठेवणाऱ्यांचं काय? त्यावर कुणी बोलत नाही!

साधीमाशी: त्याचा वेगळा धागा काढा, भाई. मी रडण्याबद्दल बोलतेय.

उंबरठा: खन्सा बिंत खिदाम यांचा बापानं मर्जीविरुद्ध लावलेला निकाह पैगंबरांनीच रद्द केला.

काळीशाई: त्यांचं आधी लग्न झालेलं होतं, कुमारिका नव्हत्या त्या. निम्मंच सांगायची खोड जात नाही तुमची.

उंबरठा: मग पैगंबरांचे साथीदार माकिल बिन यसार घ्या. बहीण पहिल्या नवऱ्याकडे परत जायला तयार, भाऊ आडवा. कुरआनातल्या सूरह बकराची 232वी आयत उतरली, त्यांना अडवू नका.

काळीशाई: आणि नंतर तो निकाह लावला कुणी? त्याच भावानं! त्याच्या हातात काही नसतं, तर 'अडवू नका' हे त्याला कशाला सांगितलं असतं?

उंबरठा: हं. हे बिनतोड आहे, घ्या. पण हट्टानं अडवणाऱ्या वलीचा अधिकार काझीकडे जातो, हे तुमच्याच शाफई किताबांत आहे.

काळीशाई: जातो. मी कुठे नाही म्हटलं?

साधीमाशी: काझीसाहेब त्या दिवशी बाहेरच्याच खोलीत बसले होते. माझं रडणं तिथपर्यंत ऐकू जात होतं.