मदत हवी आहे: जुनी टिश्यू स्टीरिओ-कार्डं कॅमेऱ्यावर कशी उतरवावीत?

नमस्कार मंडळी,

नौपाड्यातली आमची इमारत रीडेव्हलपमेंटला जातेय. माळा रिकामा करताना सासऱ्यांच्या पेटीत हातात धरून बघायचा लाकडी स्टीरिओस्कोप (कार्डावरचे जोडफोटो दोन भिंगांतून खोली असल्यासारखे दाखवणारं यंत्र) आणि त्याच्या कार्डांचा गठ्ठा मिळाला. बहुतेक फ्रान्समधल्या बागा आणि राजवाडे. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या साध्या कार्डांची मला फारशी चिंता नाही. जीव अडकलाय तो टिश्यू कार्डांत.

ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी: यात फोटो अगदी पातळ अल्ब्युमिन कागदावर (अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या) छापून पाठीमागून रंगवतात, त्यामागे आणखी एक झिरझिरीत कागद लावतात आणि पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवतात. समोरून उजेड पडला तर नुसतं तपकिरी चित्र. खिडकीकडे धरलं की झाडं हिरवी होतात, आणि जिथे सुईने बारीक भोकं पाडलीत तिथे दिवे लागतात!

त्यातलं एक पॅरिसजवळच्या सँ-क्लूचं आहे. पुढे कठडा, त्यावर दगडी कुंडी, मागे झाडांची रांग आणि शेवटी राजवाडा. भिंगातून पाहिलं की कुंडी हाताशी येते, राजवाडा लांब जातो. हा राजवाडा ऑक्टोबर १८७० मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्धात जळाला, १८९१ मध्ये अवशेषही पाडले. म्हणजे मूळ फोटो १८७० च्या आगीआधीचा. छाप मात्र नंतरची असू शकते. म्हणूनच हे कार्ड खराब होता कामा नये.

ठाण्याच्या पावसाळ्यांनी काहींचा कागद फुगलाय, एकावर बुरशीचे ठिपके आहेत. एका दुकानदाराने "लॅमिनेट करून देतो" म्हटलं, मी साफ नकार दिला. फ्लॅटबेड स्कॅनरचं झाकण दाबायचीही भीती वाटते.

माझा विचार असा: खाली एलईडी लाइट पॅड, वर स्टँडवर कॅमेरा. कार्ड न हलवता एक फोटो समोरच्या उजेडात, दुसरा फक्त खालच्या उजेडात. पण पॅडचा पृष्ठभाग भोकांतून दिसेल ना? कार्ड किती उंच उचलावं? कुणी असं केलंय का?

दुसरं, डब्यात सिलिका जेल ठेवावं का? फार कोरड्या हवेत अल्ब्युमिनला तडे जातात असं वाचलंय. बुरशीवालं कार्ड बाकीच्यांपासून वेगळं काढलंय, त्यावर अजून काही केलेलं नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रात घरगुती वस्तू घेतात का, हेही कुणाला माहीत असेल तर सांगा.

घर लवकरच सोडायचंय, त्यामुळे जरा घाई आहे. मोबाइलवर काढलेले फोटो प्रतिसादात टाकते.