राजीनाम्याच्या आधी
कामाने पार थकलोय, काय करू, असं कुणी विचारलं की ‘नोकरी सोडा, सुटाल’ असा सल्ला मिळतो. तो मनापासूनचा असतो, पण घराचा हप्ता डोक्यावर असलेल्याला तो ऐकून आणखीच कोंडल्यासारखं होतं. आणि ‘एवढं काम तर सगळेच करतात की’ हे काहींचं म्हणणं तर अजिबात पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या थकव्याची, नोंद कामाशी निगडित स्थिती म्हणूनच केली आहे. तो आळशीपणा नव्हे.

मात्र निराशा सुट्टीतही हटत नसेल, झोप उडाली असेल, तर प्रश्न कामापुरता उरत नाही. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोन सेवा आहे, क्रमांक १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. माझ्या धाकट्या भावाने रात्री उशिरा तिथे फोन केला होता. त्यांनी घाई न करता ऐकून घेतलं, डॉक्टरांना भेटायला सांगितलं. राजीनाम्याचा विचार त्याने उपचार सुरू झाल्यावरच केला.