केटामाइन : भावाच्या वेळचा अनुभव

"भुलीचं औषध डिप्रेशनवर कसं चालेल?" असं केटामाइनबद्दल विचारलं जातं, म्हणून लिहितेय. भुलीपेक्षा डोस बराच कमी असतो: वजनाच्या किलोमागे साधारण ०.५ मिलिग्रॅम, शिरेतून ४० मिनिटांत हळूहळू. डिप्रेशनच्या नेहमीच्या बहुतेक गोळ्या मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करतात, गुण यायला काही आठवडे जातात. केटामाइनची वाट ग्लुटामेट या दुसऱ्या रसायनाची; काहींना दिवसभरातच फरक जाणवतो.

माझ्या धाकट्या भावाला दोन वेळा गोळ्या बदलूनही उतार नव्हता. इथे पुण्यातच दिलं, मी शेजारी बसले होते. मध्येच म्हणाला, "ताई, हे हात माझे वाटत नाहीयेत." माझ्या पोटात गोळा आला. तासाभरात ते ओसरलं. बीपी वाढतं, म्हणून सिस्टर सारख्या तपासत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यानं आपणहून दाढी केली. दोन महिन्यांनी!

पण एका डोसाचा परिणाम बऱ्याचदा आठवड्याभरात उतरतो, पुन्हा घ्यावा लागतो. सवयही लागू शकते, त्यामुळे घरी घ्यायची गोष्ट नाहीच ही. अमेरिकेत २०१९ मध्ये एस्केटामाइनचा (केटामाइनचाच एक प्रकार) नाकातला स्प्रे मंजूर झाला, तोही दवाखान्यातच देऊन दोन तास बसवून ठेवतात. बीपी ताब्यात नसेल किंवा आधी कधी सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) झाला असेल, तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.